रंगमास्तरांच्या बाथरूममधला दिवा

धनसुखभाई जरीवालांच्या बाथरूममध्ये एकवीस दिवस दिवा नव्हता. दिवा मिळत नव्हता असं नाही, सुरतेत दिव्यांना काय तोटा? पसंत पडत नव्हता.

नव्या फरशा बसल्या त्याच दिवशी त्यांच्या बायको हसुमतीबेन म्हणाल्या होत्या, "पहिला पिवळा बल्ब होता ना, तोच लावा आणि मोकळे व्हा."

"तुला रंगातलं काय कळतं?" धनसुखभाई म्हणाले आणि विषय संपला.

धनसुखभाई कापड रंगवणाऱ्या डाइंग मिलमध्ये रंगमास्तर. साडीचा रंग नमुन्याशी जुळला की नाही, हे तीस वर्षं त्यांनीच ठरवलं. मिलच्या पांढऱ्याशुभ्र दिव्याखाली ते मान वाकवून कापड बघू लागले की आजूबाजूचे कामगार गप्प होत, काही जण तर तोंडाला रुमाल लावत. हा आपला दरारा, अशी धनसुखभाईंची समजूत.

तर असा माणूस घरचा दिवा डोळे मिटून थोडाच घेणार? त्यांनी मिलमधून साड्यांचे अकरा तुकडे आणले आणि टॉवेलच्या दांडीवर टांगले. वायरमन याकूबभाई स्टुलावर चढून एकेक दिवा लावायचे आणि धनसुखभाई खालून नापास करायचे.

"पिवळा दिवा खोटारडा. मोरपिशी बघा, हिरवा दिसतोय."

"शेठ, इथे साड्या विकायच्यात की आंघोळ करायचीय?"

"हा निळसर मारतो. काढा."

सातव्या दिव्याला याकूबभाईंनी तोंडात आलेली शिवी गिळली. शिवीशिवाय वाक्य पुरं न करणाऱ्या सुरतच्या माणसाने शिवी गिळणं म्हणजे प्रकरण हाताबाहेर गेलं समजावं. वायरी लोंबकळत ठेवून ते निघून गेले, ते परत आलेच नाहीत.

घर मोबाईलच्या उजेडात आंघोळी करू लागलं. एकोणिसाव्या दिवशी हसुमतीबेनचा मोबाईल साबणाच्या कोनाड्यातून थेट बादलीत पडला. तांदळाच्या डब्यात दोन दिवस पुरून ठेवला, पण त्यात जीव काही आला नाही. आणि नेमकं त्याच दोन दिवसांत भरूचहून त्यांना फोन येत होते. त्यांच्या मुलीला, ध्रुवीला बघायला मुलाचे वडील नवनीतभाई सहकुटुंब रविवारी यायचे होते.

शनिवारी सकाळी नऊ वाजता ध्रुवीचा फोन वाजला. ती धावत स्वयंपाकघरात आली. "मम्मी, ते आजच येतायत. कालपासून तुला फोन करत होते म्हणे. कामरेजला पोचलेसुद्धा, तासाभरात दारात येतील."

"नाश्त्याला लोचो अर्ध्या तासात वाफवून होईल," हसुमतीबेन म्हणाल्या. मग नवऱ्याकडे वळल्या. "पण ते आल्याआल्या हातपाय धुवायला जातील, आणि अंधारात पाय घसरला तर? पोरीचं जमतंय ते मोडायचंय का तुम्हाला? आणखी किती अंत बघाल?"

एकवीस दिवसांत पहिल्यांदाच धनसुखभाई घाबरले. कपाटातून त्यांनी एक दिवा काढला, हुबेहूब मिलमधल्यासारखा; याकूबभाई गेल्यावर मागवलेला आणि लावायला कोणी नाही म्हणून पडून राहिलेला. याकूबभाईंच्या हातापाया पडून त्यांना बोलावून आणलं. बटण दाबलं आणि अकराच्या अकरा तुकडे आपापल्या रंगात दिसले.

"बघ, याला म्हणतात खरा दिवा," असं म्हणत धनसुखभाई वळले आणि समोर आरसा आला.

बाथरूमला खिडकी नव्हती. गेली नऊ वर्षं ते तिथेच, त्या जुन्या पिवळ्या बल्बखाली, केसांना कलप लावत होते. केस काळे नव्हतेच. चक्क वांगी रंगाचे होते.

"हे... हे कधीपासून?"

"नऊ वर्षं झाली," दारातून हसुमतीबेन म्हणाल्या. "आपल्या उंधियूतली वांगी असतात ना, डिट्टो."

"आणि तू एका शब्दाने बोलली नाहीस?"

"मला कुठे रंगातलं कळतं?"

धनसुखभाईंना मिलमधले रुमाल आठवले. ते तिथेच बादलीवर टेकले. तेवढ्यात बेल वाजली.

दारात नवनीतभाई उभे होते, सकाळचं ऊन थेट त्यांच्या डोक्यावर. धनसुखभाईंची तीस वर्षांची नजर आपोआप कामाला लागली. तोच वांगी रंग. सूतभर फरक नाही.

"रस्त्यात धूळ फार," नवनीतभाई म्हणाले. "आधी तोंड धुतो. बाथरूम कुठे?"

"आधी पाणी घ्या, नवनीतभाई. बसा, बसा हो जरा." धनसुखभाई वाट अडवून उभे राहिले आणि याकूबभाईंच्या कानाला लागले. "तो दिवा काढा. पिवळा लावा, ताबडतोब. माणूस आरशात बघेल तर उभ्या उभ्या परत जाईल."

"पिवळा आणू कुठून?"

हसुमतीबेननी लोणच्याच्या फळीवरून जुना बल्ब काढला, पदराने पुसला आणि याकूबभाईंच्या हातात दिला.

नवनीतभाई आत बराच वेळ होते. बाहेर आले ते भांग पाडून, खुशीत. "दिवा फर्स्टक्लास आहे तुमचा. आरशात बघून माणसाला बरं वाटतं. कोणाची पसंती?"

धनसुखभाईंनी एकदा बायकोकडे पाहिलं.

"हिची," ते म्हणाले. "आमच्या घरात रंगातलं हिलाच कळतं."

"लोचो आणते," म्हणून हसुमतीबेन घाईघाईने आत गेल्या. त्यांना यायला उशीरच झाला. आतून ध्रुवीचा दबका आवाज तेवढा येत होता, "मम्मी, हळू हस, बाहेर ऐकू जाईल."