किरमिजी लुगडं

पुनोभाईंसमोर गिऱ्हाइकाने नुसतं ‘लाल’ म्हटलं, की त्यांचा साडी उलगडणारा हात तिथेच थांबायचा.

“लाल? खंयचो लाल? मंजिष्ठी, कुंकवी, शेंदरी, किरमिजी? रंगाकय आवय-बापूय आसता, बाये!”

पेडण्याच्या बाजारातल्या आमच्या कापडदुकानात मी वर्षानुवर्षं त्यांच्या शेजारी बसलो. निळी साडी मागावी, तर आपली नीळ अरबांच्या गलबतातून पोर्तुगालला जाऊन ‘अनील’ कशी झाली, हे ऐकल्याशिवाय घडी मोडत नसे. बायका कळवळायच्या, “भाई, बस सुटता!”

एकदा लग्नाच्या खरेदीत त्यांनी मोठ्या कौतुकाने सांगितलं, “किरमिजी म्हणजे मुळात कृमिज. किड्यांपसून केल्लो!” नवरीच्या आईने मांडीवरची साडी झुरळासारखी झटकली आणि अख्खं वऱ्हाड समोरच्या दुकानात शिरलं. दुकानाचे मालक शेट म्हणाले, “पुनो, आता आणखी एक तक्रार, की तू माळ्यावर. खोक्यांना चिठ्ठ्या चिकटव.”

ती पुढची तक्रार माझ्यामुळे आली.

दसऱ्याला आमच्याकडे तरंगांना, म्हणजे देवाच्या उंच काठ्यांना, लुगडी नेसवतात. एका गावच्या मानकऱ्यांनी फोनवर किरमिजी सांगितलं. पुनोभाई जेवायला गेले होते. मी मरून रंगाचं बांधून दिलं. म्हटलं, एवढं कोण बघतो! ऐन सणाच्या सकाळी मानकरी दारात. “ह्यो रंग देवाक चलना!”

शेट सरळ पुनोभाईंवर तुटून पडले. मी मान खाली घालून ब्लाउजपिसांच्या घड्या घालत राहिलो. पुनोभाईंनी एकदाच माझ्याकडे पाहिलं. “चुकलां आसतलें,” म्हणाले आणि शिडी चढले.

चार महिने गप्प बसलो. शेवटी एका संध्याकाळी कबुली द्यायची ठरवून त्यांच्याबरोबर तुयेला त्यांच्या घरी गेलो. ओसरीवर त्यांची बहीण शेवंता बसली होती. तिला जन्मापासून दिसत नाही. पुनोभाई चपला काढतात न काढतात तोच तिने विचारलं, “आज खंयचो रंग गेलो रे?”

दिवसभर माळ्यावरची धूळ खाल्लेला माणूस पटकन म्हणाला, “मंजिष्ठी. केरी गांवचे एके न्हवरेक.” आणि ज्याचा तो रंग होतो, ते मंजिष्ठेचं मूळ फळीवरच्या डब्यातून काढून त्यांनी तिच्या तळहातावर ठेवलं. तिने ते चोळलं, हुंगलं. “शोभतलो तिका,” म्हणाली.

नुसतं ‘लाल’ म्हणून तिला काय कळणार होतं!  तिच्यासमोर कबुली दिली, तर त्यांचं माळ्यावरचं गुपित फुटणार; चहा संपवून तसाच परतलो.

सकाळी दुकान उघडताच शेटना सगळं सांगितलं. “तेव्हा वाचा बसली होती तुझी?” ते गरजले. पुनोभाई खाली गादीवर आले, मी माळ्यावर गेलो.

दुकान बंद करताना उतरलो, तर ते पिशवी घेऊन माझ्यासाठी थांबलेले.

“चल घरा. आज एक साडी खऱ्यांनीच विकली. चार म्हयने तिका खोटें सांगलें रे. आज खऱ्याक साक्षीदार व्हयो.”