मोहितेबाई आणि हिद्दचं यार्ड

इथे बहारीनमध्ये, तुबलीत माझ्या गॅरेजसमोर कुठलीही गाडी उभी असली की मोहितेबाई आधी तिच्याभोवती एक चक्कर मारतात आणि विचारतात, "चाचा, ही कुणाची?"

मी नाव सांगितलं की मान हलवतात. "नाव नको. हुकूम कुणाचा? आणि उद्या ठोकली तर बुडणार कुणाचं?"

एकदा मी सांगितलं, गाडी बापाच्या नावावर आहे, फिरवतो मुलगा. पण कुठे न्यायची, कुठे नाही, ते आई ठरवते आणि खर्चही तीच करते. बाईंनी उभ्या उभ्या निकाल दिला, "मग आईची." तो बाप मागेच उभा होता. तोंड पडलं त्याचं, पण भांडला नाही. त्यालाही बहुतेक संशय असावा.

बाई साताऱ्याच्या. पन्नाशी उलटली आहे, लग्न केलं नाही. इथल्या एका विमा कंपनीत हिशेब बघतात आणि बुसैतीनला एकट्या राहतात. मी दापोलीकडचा. चौथीनंतर शाळेचं तोंड पाहिलं नाही आणि त्यावाचून माझं काही अडलंही नाही. इंजिनचा आवाज ऐकून मी दुखणं सांगतो. शिकलेल्या माणसांचं मला फारसं कौतुक नाही, पण बाईंचं आहे.

त्याला कारण आहे. माझं गॅरेज कागदावर एका बहारिनी माणसाचं. इथे बऱ्याच जणांचं असंच असतं. पाटीवर नाव त्याचं, हात काळे माझे. बाई पहिल्यांदा आल्या तेव्हा त्यांनी सगळं खोदून खोदून विचारलं आणि म्हणाल्या, "चाचा, आमच्या नियमाने हे गॅरेज तुमचं. पाटी काहीही म्हणो." मला ते माहीत होतंच. तरी शिकलेल्या माणसाच्या तोंडून ऐकलं तेव्हा बरं वाटलं. खोटं कशाला बोलू.

हा नियम बाईंच्या डोक्यात बसला आहे तो नोकरीमुळे. त्याचं इंग्रजी नाव व्हेरिएबल इंटरेस्ट एंटिटी. अर्थ सोपा आहे. मोठी कंपनी बाजूला एक छोटी कंपनी उभी करते, दुसऱ्याच्या नावावर. स्वतःचा एक शेअर ठेवत नाही. पण पैसा हिचा, हुकूम हिचा, आणि तोटा झाला तर तोही हिच्याच अंगावर. अशा वेळी 'ती आमची नाही' म्हणून हात झटकता येत नाहीत. छोटीचा सगळा हिशेब मोठीने आपल्या हिशेबात धरायचा.

ऑफिसातलं ऑफिसात ठेवावं की नाही? बाई ठेवत नाहीत. गणपती मंडळाच्या सभेत त्या उठून म्हणाल्या, "अध्यक्ष भले जोशीसाहेब असतील. पण सगळं ठरवतात जोशीवहिनी, आणि कमी पडलं तर भरही त्याच घालतात. तेव्हा मंडळ वहिनींचं, असं लिहून घ्या." वहिनी खूश झाल्या. साहेबांनी पुढच्या वर्षी आरतीला बाईंच्या हातात ताट दिलं नाही. बाई राहतात त्या इमारतीतल्या एका मांजरावरून दोन मल्याळी कुटुंबांत अबोला आहे, त्यालाही बाईंचा निकालच कारण.

लोक हसतात. मीही हसायचो. मग हिद्दच्या यार्डात तो अपघात झाला.

ठोकलेल्या गाड्या, ज्यांना आम्ही 'टोटल लॉस' म्हणतो, त्या विमा कंपनीच्या होतात. बाईंची कंपनी त्या हिद्दला एका यार्डात ठेवते आणि तिथूनच विकते. स्पेअर पार्टसाठी माझं तिथे येणंजाणं आहे. यार्ड कागदावर एका व्यापाऱ्याचं. त्याला मी तिथे कधी पाहिलं नाही. तिथे असायचा बिंदेसर, बिहारचा वॉचमन. रात्रंदिवस तिथेच, पत्र्याच्या केबिनमध्ये. मी गेलो की चहा ठेवायचा.

एके दिवशी वर रचलेली एक गाडी घसरली आणि बिंदेसरच्या पायावर आली.

हॉस्पिटलने पहिलं ऑपरेशन लगेच केलं. पाय वाचवायचा तर दुसरं लवकर करायला हवं होतं, आणि त्यासाठी मालकाची सही लागत होती. व्यापारी म्हणाला, "मफी, माझा कुणी नाही. माणूस कंपनीचा." कंपनी म्हणाली, यार्डाशी आमचा संबंध नाही. बिंदेसर पलंगावर पडून, आणि त्याला मालक मिळेना. विम्याच्या कंपनीच्या यार्डातला माणूस, आणि त्याचाच विमा नाही.

बाई गॅरेजवर आल्या. त्या दिवशी कुठल्याच गाडीभोवती फिरल्या नाहीत.

"चाचा, तिथे गाडी कधी विकायची, कितीला विकायची, कोण सांगतं?"

"तुमच्याच ऑफिसचा माणूस. फोनवर. त्याच्या शब्दाशिवाय एक नट हलत नाही."

"हे माझ्या साहेबांसमोर बोलाल?"

"मी कुणाला घाबरतो काय?"

इस्त्रीचा शर्ट घालून गेलो. तिथे फायनान्सचे साहेब होते, मुंबईचे, आणि बाहेरून आलेला एक ऑडिटर. बाईंना सांगितलं होतं तेच मी तिथे सांगितलं. साहेब माझ्याकडे न बघता म्हणाले, "मॅडम, गॅरेजवाल्याला कशाला आणलंत? यार्डात आपला एक शेअर नाही."

बाई म्हणाल्या, "शेअर नाही, साहेब. पण यार्ड उभं आहे आपल्या कर्जावर. गाडी कमी भावाने गेली तर फरक आपण भरतो. विकायची कधी, तेही आपण सांगतो. मग राहिलं काय त्या व्यापाऱ्याचं? नुसतं नाव."

ऑडिटर काही लिहीत होता. त्याने मान हलवली. ती बाईंच्या बाजूने हलली, हे मलाही कळलं.

साहेबांनी आवाज खाली आणला. "ठीक आहे, हिशेबात धरू. पण हिशेबात धरलं म्हणून तो वॉचमन आपला नोकर होत नाही. कायदा वेगळा आहे."

"कायद्याने नाही होत," बाई म्हणाल्या. "पण वर्षाच्या हिशेबात छापायचं यार्ड आमचं, आणि हॉस्पिटलात सांगायचं माणूस आमचा नाही. असल्या हिशेबावर मी सही करणार नाही."

"मॅडम, तुमचा व्हिसा कोण रिन्यू करतं, लक्षात आहे ना?"

"आहे. पॅकिंगला मला शुक्रवारची एक सुट्टी पुरते."

मी आयुष्यात पुष्कळ माणसं चिडलेली पाहिली. इतक्या हळू आवाजात चिडलेलं माणूस पाहिलं नव्हतं. खाली आल्यावर गाडीची चावी त्यांना लागेना. मी हात पुढे केला, त्यांनी चावी दिली. बुसैतीनपर्यंत मीच चालवली. वाटेत त्या एवढंच म्हणाल्या, "चाचा, नोकरी गेली तर मला जायला घर नाही हो. आईचं होतं, ती गेली. आता ते भावाचं. मी गेले तर पाहुणी."

मी गिअर बदलला.

नोकरी गेली नाही. ऑडिटरने बाईंसारखंच लिहून दिलं, आणि यार्ड आपलं म्हणून छापायचं आणि त्यातला माणूस उघड्यावर टाकायचा, याची वरच्या लोकांना लाज वाटली असावी, अल्लाला ठाऊक. हॉस्पिटलात सही पोचली. दुसरं ऑपरेशन झालं. बिंदेसरचा पाय राहिला, थोडा आखूड झाला. वॉचमनचं काम त्याला आता जमणार नव्हतं. कंपनीने त्याला गावी पाठवायचं ठरवलं. सोबत कुणीतरी हवं होतं.

बाईंनी रजा टाकली. मी विचारलं, "तुम्ही कशाला? ऑफिसचा एखादा पोरगा जाईल."

"रजा साठून पडलीय, चाचा. घालवायची कुठे?"

पंधरवड्याने परत आल्या आणि तीन-चार दिवसांनी गॅरेजवर डोकावल्या. दुपारची वेळ, गॅरेजात गिऱ्हाईक नव्हतं. बाई स्टुलावर बसल्या आणि बिंदेसरच्या गावाचं सांगू लागल्या. स्टेशनवरून बैलगाडीसारखी हलणारी जीप, मातीचं घर, अंगणात म्हैस. त्याची आई म्हातारी, एका डोळ्याने दिसत नाही. तिची बोली बाईंना धड कळेना, बाईंची हिंदी तिला कळेना.

"ऑफिसचं काही विचारलं का तिने?" मी म्हटलं.

"छे. मुलाला आधी जेवायला घातलं. मग मी निघायच्या दिवशी मला अंगणात पाटावर बसवलं. मला वाटलं, काही पूजाबिजा असेल." बाईंनी हातातला चहा खाली ठेवला. "डोक्याला तेल लावलं हो तिने. विचारलं नाही, काही नाही. मोहरीचं तेल, उग्र वास. घासून घासून लावलं आणि वेणी घातली, शाळेतल्या मुलीची घालतात तशी."

मी बघितलं. वेणी तशीच होती, थोडी सैल झालेली. वास माझ्यापर्यंत येत होता, ग्रीसच्या वासातूनही.

"आल्यापासून मी केस धुतले नाहीत, चाचा," बाई म्हणाल्या. "ऑफिसलाही अशीच जातेय."