वीस मिनिटं पुढचा देश

जेवून दुकानात परत आलेल्या घड्याळजीने टेबलावर नजर टाकली आणि त्याच्या काळजात धस्स झालं. सकाळी आलेल्या प्रवासी घड्याळाच्या चारही तबकड्या एकच वेळ दाखवत होत्या. दोन वाजून पाच मिनिटं. चारही.

"बाबा, ह्याला कोणी हात लावला?"

"मी," म्हातारबुवा खुर्चीत ताठ होत म्हणाले. "चार जोड्या काटे, चार दिशांना तोंडं! दिले सरळ करून."

म्हातारबुवांनी पस्तीस वर्षं कारखान्यात टाइमकीपरची नोकरी केली होती. दोन घड्याळांत दोन मिनिटांचा फरक दिसला तरी त्यांना घास गिळवत नसे. मुलगा जेवायला गेला की ते दुकान राखायला बसत, आणि आजवर त्यांनी ते फक्त राखलंच होतं.

"अहो, ते वेगवेगळ्या देशांची वेळ दाखवतं!"

"गिऱ्हाईक राहतं कुठं?"

"इथंच."

"मग परक्या देशात किती वाजले ह्याच्याशी त्याला काय करायचंय?"

घड्याळजीने कपाळाला हात लावला. वस्तूच तशी होती. पत्त्यांच्या जोडाएवढी, कातडी वेष्टणातली, पुस्तकासारखी उघडणारी. सायीच्या रंगाच्या चार तबकड्या, केसासारखे बारीक निळे काटे, आणि आत चार वेगळी यंत्रं, प्रत्येकाला आपापली चावी. सेल नाही, काही नाही. सकाळी त्याने कामाला हात घालण्याआधी पाच मिनिटं नुसती चावी देऊन पाहिली होती. लोण्यातून सुरी फिरावी तशी फिरत होती.

घड्याळ आणणारे गृहस्थ वयस्कर होते. शर्टाला इस्त्री फक्त पुढून केलेली. "मुलीच्या गावची तबकडी मधेच थांबते, तेवढं बघा," ते म्हणाले होते. "बाकी काटे आहेत तसेच पाहिजेत. तसेच. पाचला येतो. साडेपाचला गाडी इथंच बोलावलीय, मग थेट विमानतळ." 'तसेच' दोनदा म्हणाले होते. आणि एकवीस वर्षांत या दुकानातून एकही काटा जागा चुकून बाहेर गेला नव्हता.

थांबणारी तबकडी त्याने जेवणाआधीच चालू केली होती; प्रश्न आता काट्यांचा होता. मग घड्याळजीला चिठ्ठी आठवली. घड्याळ उघडण्याआधी काट्यांची नोंद करायची, ही त्याची सवय. डबीखालची चिठ्ठी त्याने ओढून काढली. पहिली, इथली. दुसरी, साडेतीन तास मागे. तिसरी, साडेचार तास पुढे. त्याने भराभर काटे लावले. जीव भांड्यात पडला. मग त्याने चौथी ओळ वाचली आणि भांडंच उपडं झालं.

चौथी, वीस मिनिटं पुढे. सकाळी त्याने विचार न करता नुसतं उतरवून घेतलं होतं.

"वीस मिनिटं? हा कुठला देश?"

"बघ! म्हणजे चुकलेलंच होतं," म्हातारबुवा म्हणाले.

गृहस्थांचा फोन बंद होता. घड्याळजी चिठ्ठी घेऊन समोरच्या विमान-तिकिटांच्या ऑफिसात धावला. तिथल्या ताईंनी भिंतीवरच्या नकाशावर बोट फिरवलं.

"आपल्यापेक्षा वीस मिनिटं पुढे? तिथं समुद्र आहे हो."

"एखादं बेट वगैरे?"

"बेटावर राहायला गेले तरी वेळ सरकार सांगेल तीच. असा देशच नाही. तुम्ही दुपारचं जेवलात ना नीट?"

आता एकच शक्यता उरली. ते यंत्र पुढे पळत असणार. त्याने डोळ्याला भिंग लावून चौथं यंत्र पुन्हा उघडलं, पुसलं, तासभर तपासलं. एका सेकंदाचाही फरक नाही. चारांत तेच सगळ्यात ठणठणीत निघालं.

"यंत्र बरोबर, देश नाही," म्हातारबुवा म्हणाले. "मग चुकला कोण? माणूस! काटा लावताना हात घसरला असेल. नीट लावून दे, दुवा देईल तुला."

पावणेपाच वाजले होते. चुकलेली वेळ दुकानातून बाहेर कशी पाठवायची? घड्याळजीने मान डोलावली आणि चौथी तबकडी पहिलीशी जुळवून टाकली.

ठोक्याला पाच वाजता गृहस्थ बॅग घेऊन आले. घड्याळ उघडलं. पहिली पाहिली, दुसरी पाहिली, हसले. तिसरी पाहिली. चौथीवर नजर गेली आणि बॅग हातातून खाली पडली.

"हिचं काय केलंत?"

"साहेब, ती वीस मिनिटं पुढे होती. केली नीट."

"ती पुढेच असायची हो!" गृहस्थांचा आवाज चिरकला. "आमच्या स्वयंपाकघरातलं घड्याळ बायको वीस मिनिटं पुढे ठेवायची. मला सगळीकडे उशीर होतो म्हणून. ती गेली मार्चमध्ये. आज घर रिकामं करून दिलं, भिंतीवरचं ते घड्याळही काढलं. एक माझी वेळ, एक मुलीची, एक मुलाची. आणि ही हिची."

ताईंच्या नकाशावरचा तो समुद्र घड्याळजीच्या डोळ्यांपुढे उभा राहिला.

"मग त्यानं वेळेवर पोचायचात का?" म्हातारबुवांनी विचारलं.

"कधीच नाही."

"आण इकडं," म्हातारबुवा मुलाला म्हणाले. त्यांनी चष्मा पुसला, चौथी चावी चिमटीत धरली आणि पस्तीस वर्षांची नोकरी बाजूला ठेवून काटा पुढे सरकवला. वीस मिनिटं. एकोणीस नाही, एकवीस नाही. "बघा, बरोबर चुकलंय का?"

गृहस्थांनी पाहिलं. खिशातून रुमाल काढला, नाक पुसलं, पुन्हा तबकडीकडे पाहिलं आणि दचकून बॅग उचलली.

"अरे बापरे, साडेपाच!"

"अहो, बसा की निवांत!" घड्याळजी मागून ओरडला. "गाडीला अजून वीस मिनिटं आहेत!"

"ते तुम्ही सांगा तिला," गृहस्थ मागे वळूनही न पाहता म्हणाले आणि भर उन्हात रस्त्याच्या कडेला जाऊन उभे राहिले.