दुसरे परीक्षक

रिसबूड डॉक्टरीणबाई माणसाला नावाने हाक मारत नाहीत, आजाराने मारतात. बोर्ली पंचतनच्या मासळीबाजारात भर गर्दीत त्या उभ्या राहतात आणि पलीकडच्या टोकाला पाटी घेऊन बसलेल्या हिराबाईला ओरडून विचारतात, "हिमोग्लोबिन, बांगडा ताजा आहे का?"

हिराबाई पदराने तोंड झाकते. "बाय, हळू ना! गिऱ्हाईक हायत."

"असू देत. त्यांच्या बायकांनाही कळू दे तपासून घ्यायचं असतं ते."

हिराबाईचं रक्त वाढल्याला आता बरीच वर्षं झाली, पण नाव चिकटलं ते चिकटलंच. पोस्टमनची बायको 'थायरॉइड' आणि आमच्या सरपंचबाई 'कॅल्शियम'. सरपंचबाई ग्रामसभेत बोलायला उभ्या राहिल्या की मागून हमखास बाईंचा आवाज येतो, "कॅल्शियम, ताठ उभी राहा!" विरोधी पॅनेललाही इतकं धाडस कधी झालं नाही. पुरुषांना मात्र बाईंनी कधी असलं नाव दिलं नाही. मी एकदा विचारलं, तर म्हणाल्या, "पुरुषांना आजार नसतात, मास्तर. तक्रारी असतात."

मी मास्तर. हायस्कुलात भूमिती शिकवायचो. निवृत्त झालो त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी बाई आमच्या दोन वाड्यांमधल्या दगडी गडग्याशी येऊन उभ्या राहिल्या. त्यांची वाडी आणि आमची वाडी यांच्यात तेवढा एक गडगाच काय तो आहे.

"मास्तर, प्रुफं तपासाल का?"

"मी भूमितीचा मास्तर, बाई. शुद्धलेखन माझं बेताचंच."

"सरळ रेषेत वाचता येतं ना? पुरे."

अशा रीतीने मी 'सूतिका' या त्रैमासिकाचा मुद्रितशोधक झालो. स्त्रियांच्या आरोग्यावरचं, डॉक्टरांनी डॉक्टरांसाठी आणि नर्सबायांसाठी मराठीत लिहिलेलं हे वैद्यकीय नियतकालिक आमच्या गावातून, बाईंच्या पडवीतून निघतं, हे सांगितल्यावर बाहेरच्या माणसाला पटत नाही. मलाही पटत नव्हतं. पहिलं प्रूफ हातात आलं आणि मथळा वाचून मी ते रामरक्षेच्या पुस्तकात लपवलं. आमच्या सौभाग्यवतींनी नेमकी संध्याकाळी रामरक्षा उघडली. "या वयात काय वाचायला घेतलंत हे?" एवढंच विचारलं आणि लेख शेवटपर्यंत स्वतः वाचून काढला. तेव्हापासून घरात माझ्या आधी त्याच प्रुफं वाचतात.

छापखाना म्हसळ्याला. प्रुफं घेऊन एस.टी.ने जावं लागायचं. एकदा शेजारचा गृहस्थ माझ्या खांद्यावरून गर्भाशयाची आकृती बघत बसला आणि उतरताना हळूच म्हणाला, "डॉक्टरसाहेब, सुनंला जरा तरास हाय." मी भूमितीचा मास्तर आहे हे समजावून सांगेपर्यंत मागच्या बाकावरच्या दोघी पुढे सरकल्या होत्या. मी तिघांनाही बाईंचा पत्ता दिला. ती सून आणि त्या दोघी सध्या कोणत्या नावाने ओळखल्या जातात कोण जाणे.

बाईंचं एक पालुपद आहे, "पुराव्यानिशी बोला." कुणी म्हणालं, आज उकाडा फार आहे, तरी हेच. गोरेपणाच्या क्रीमची जाहिरात घेऊन एक पोरगा आला होता, मागचं पान रंगीत हवं म्हणून. बाईंनी त्याला समोर बसवून ताक पाजलं आणि क्रीम आधी त्यालाच लावायला सांगितलं. "महिनाभराने या. पुरावा बघते आणि ठरवते." तो फिरकला नाही. मागचं पान कोरंच गेलं.

पण 'सूतिका'चा खरा दरारा बाईंचा नव्हे, दुसऱ्या परीक्षकांचा.

अशा नियतकालिकात लेख आला की तो दोन जाणकारांकडे जातो. त्यांची नावं लेखकाला कळू द्यायची नसतात, म्हणजे ते बिनधास्त बोलू शकतात. 'सूतिका'चे पहिले परीक्षक पुण्यातले प्राध्यापक. त्यांना डोळ्यांत तेल घालून आकडे तपासायची सवय आणि शास्त्रात चूक सापडली की सोडायचे नाहीत. पण त्यांच्या हातून सुटलेला लेख दुसऱ्या परीक्षकांकडे जाऊन अडकायचा. ते आकड्यांना बोट लावत नसत. शेरा एकच असायचा, वर्षानुवर्षं तोच: 'हे सगळं ठीक. पण त्या बाईचं पुढे काय झालं?'

एवढ्या एका वाक्याने भलेभले डॉक्टर रडकुंडीला आले. त्यातले एक डॉक्टर निमिष. मुंबईच्या मोठ्या इस्पितळातला हुशार पोरगा. बाळंतिणीचा रक्तस्राव थांबवायची टाक्यांची नवी रीत त्याने शोधली होती. लेख परत गेला तसा तो स्वतः आला. गेटवेहून बोटीने मांडव्याला, तिथून अलिबाग, मुरूड, मग आगरदांड्याहून जंगलजेट्टीच्या फेरीबोटीने दिघी आणि दिघीहून रिक्षाने बोर्ली. एवढ्या प्रवासात माणसाचा राग निवतो. याचा वाढला होता.

"मॅडम, टाके बरोबर आहेत ना?"

"उत्तम आहेत."

"रक्त थांबलं ना?"

"थांबलं."

"मग कोण आहेत हे दुसरे परीक्षक? पुढे काय झालं म्हणजे काय? पुढे डिस्चार्ज झाला!"

"डिस्चार्ज झाला ते दवाखान्याचं झालं," बाई म्हणाल्या. "बाईचं विचारलंय त्यांनी. माझ्या हातात काही नाही हो. फार हट्टी आहेत ते."

निमिष चरफडत गेला. पण त्याने ती बाई शोधून काढली. ती पुन्हा धुणंभांडी करायला लागली होती, उभी राहिली की तिला घेरी येत होती, आणि तान्हं मूल मावशीकडे दिलेलं होतं. निमिषने तिच्यावर नव्याने उपचार केले, हे सगळं लेखाच्या शेवटी दोन परिच्छेदांत लिहिलं आणि लेख पुन्हा पाठवला. त्याखाली दुसऱ्या परीक्षकांचा शेरा होता: 'आता छापा.' पुढे निमिष त्यांच्या डॉक्टरांच्या संघटनेचा सचिव झाला. तो शेरा त्याने चौकटीत घालून टेबलावर ठेवलाय.

आणि 'सूतिका'चा शंभरावा अंक आला.

तालुक्याच्या ठिकाणाहूनही पलीकडे असलेल्या एका गावातून मराठीत वैद्यकीय नियतकालिकाचे शंभर अंक निघणं हे खायचं काम नाही. निमिषने ठरवलं, समारंभ करायचा, तोही बोर्लीतच, हायस्कुलाच्या सभागृहात. मी उत्साहाच्या भरात फोनवर बोलून गेलो, "बाईंचा सत्कार तर कराच, पण त्या दुसऱ्या परीक्षकांचाही करा की. शंभराव्या अंकाला तरी नाव कळू दे." निमिषने ते उचलूनच धरलं. निमंत्रणपत्रिका छापून आली. वर 'सूतिका शतकांक', खाली 'दुसऱ्या परीक्षकांचा प्रकट सत्कार'. तिचं प्रूफ मीच तपासलं होतं, आणि त्यात एकही चूक नव्हती.

पत्रिका बाईंच्या हातात पडली आणि त्यांचं काहीतरी बिनसलं. दोन दिवसांनी हिराबाई पाटी तशीच डोक्यावर घेऊन आमच्या दारात आली.

"मास्तर, बायना काय झालंय?"

"का गं?"

"आज मला हिराबाय म्हनून हाक मारली. बाजारात. हळू आवाजात." तिचा चेहरा खरंच उतरला होता. "बरं न्हाय हे."

मलाही बरं वाटेना. समारंभाच्या आदल्या दिवशी सकाळी मी अंकाची पहिली प्रत घेऊन गडगा ओलांडला. पडवीतून भांडणाचा आवाज येत होता. त्यात नवल नव्हतं, तो रोजचाच. बाई फोनवरून लेखकांना झापतात, असा आमचा समज होता. मी कडी वाजवली. भांडणाच्या भरात ती कुणाला ऐकू गेली नाही, म्हणून मी आत डोकावलो.

फोन खुंटीला लावलेल्या पिशवीत होता. बाई वेताच्या खुर्चीत बसून समोरच्या रिकाम्या झोपाळ्याला सांगत होत्या, "उपचार लागू पडलाय. पुराव्यानिशी आहे. तुम्हाला काय कळतंय त्यातलं?" मग त्या उठल्या, झोपाळ्यावर जाऊन बसल्या, पायाने हलकेच झोका दिला, पानाच्या डब्यातून अडकित्ता घेतला, रोठा सुपारीचं एक खांड कातरलं आणि जड, संथ आवाजात खुर्चीला उद्देशून म्हणाल्या, "हे सगळं ठीक. पण त्या बाईचं पुढे काय झालं?"

तो आवाज मी ओळखला. अप्पांचा आवाज. बाईंचे यजमान अप्पा रिसबूड, साधे सर्दीतापाचे डॉक्टर, करोनाच्या आधीच गेले. मीच त्यांना खांदा दिला होता.

बाईंनी मला पाहिलं. "कडी वाजवायची पद्धत असते, मास्तर."

"वाजवली होती."

"मग ऐकलंत."

"ऐकलं."

बाईंनी अडकित्ता डब्यात ठेवला. "आम्ही रात्री एकत्र जेवायला बसायचो," त्या सांगू लागल्या. "मी दिवसभरातल्या केसेस सांगायची. काय कापलं, काय शिवलं, कशी वाचवली. फार ऐट असायची मला. ते सगळं ऐकून घ्यायचे आणि सुपारी कातरत एवढंच विचारायचे. मला उत्तर यायचं नाही. भयंकर राग यायचा. दुसऱ्या दिवशी मुकाट त्या बाईच्या घरी जाऊन यायची. अंक काढला तेव्हा म्हटलं, हा माणूस मला एकटीला छळतोय, सगळ्यांनाच छळू दे. पहिल्या अंकापासून दुसरे परीक्षक तेच."

"आणि ते गेल्यावर?"

"दुसरे शोधले की. तिघांना लेख पाठवले. तिघेही म्हणाले, छान आहे मॅडम. छान!" हा शब्द त्यांनी असा उच्चारला की मला क्रीमवाल्याची आठवण झाली. "मग मीच इथे येऊन बसायला लागले. लेख वाचायचा खुर्चीत. शेरा द्यायचा झोपाळ्यावरून. चूक आहे, कळतं मला. संपादकाने परीक्षक व्हायचं नसतं. उद्या खरं सांगितलं तर शंभर अंकांची शोभा. नाही सांगितलं तर कुणा तिऱ्हाइताच्या अंगावर शाल घालून खोटं बोलायचं."

"सांगून टाका, बाई. शास्त्र पहिल्या परीक्षकांनी तपासलेलंच आहे. लोक समजून घेतील."

"लोकांचं नाही हो, मास्तर." त्यांनी झोपाळ्याची कडी घट्ट धरली होती. "एकदा माइकवरून जाहीर केलं ना, की ते गेले, की मग ते गेलेच. मी भांडू कुणाशी?"

घरी आलो आणि सौभाग्यवतींना सगळं सांगितलं. त्या रडल्या. मीही फार कोरडा राहिलो नाही.

समारंभाला सभागृह भरलं होतं. पुढे मुंबईचे डॉक्टर, मागे हिमोग्लोबिन, थायरॉइड, कॅल्शियम वगैरे झाडून सारी मंडळी. अंक प्रकाशित झाला. निमिषने शाल-श्रीफळ हातात घेतलं आणि बाईंना म्हणाला, "मॅडम, आता नाव."

बाई माइकपाशी गेल्या आणि काही न लपवता सांगितलं. अप्पांचं सांगितलं, झोपाळ्याचं सांगितलं. "पुरावा म्हणून आमचे मास्तर आहेत," असंही म्हणाल्या. "तेव्हा माफ करा. शंभर झाले. आता 'सूतिका' मी इथेच थांबवते." आणि त्या खाली बसल्या.

कुणी टाळी वाजवेना. निमिष हातात नारळ घेऊन तसाच उभा होता. मग तो माइकपाशी न जाता सरळ बाईंच्या खुर्चीसमोर जाऊन उभा राहिला.

"मॅडम, हे सगळं ठीक," तो म्हणाला. "पण त्या बाईचं पुढे काय झालं?"

"कुठल्या बाईचं?"

"अप्पा गेल्यावर मागे राहिल्या, त्या बाईचं."

जन्मभर पुराव्यानिशी बोलणाऱ्या बाई बघतच राहिल्या. एवढे शेरे लिहिले, पण हा प्रश्न आपल्याला लागू आहे हे त्यांच्या डोक्यातही आलं नसावं. मग त्या म्हणाल्या, "जेवते. एकटी जेवते."

शाल शेवटी बाईंच्या पडवीत नेऊन झोपाळ्यावर घातली. निमिषने आणि बाकीच्या डॉक्टरांनी तिथेच बसून ठरवलं की पुढच्या अंकापासून दुसरा परीक्षक खराखुरा असेल, दर अंकाला वेगळा, आणि विचारायचा प्रश्न मात्र तोच राहील. अंक थांबवायची गोष्ट कुणी ऐकूनच घेतली नाही. नारळ फोडून सगळ्यांना वाटला.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी वाडीत शिंपणं करत होतो. गडग्यापलीकडून भांडणाचा आवाज आला. सवयीने मी दुर्लक्ष केलं, पण मग हातातली झारी खाली ठेवून ऐकू लागलो.

"बांगड्यात चिंच अशी कोंबतात का, हिमोग्लोबिन? पुराव्यानिशी सांग, कुणी शिकवलं तुला?"

"गप जेवा, बाय. तुमाला काय कलतंय त्यातलं!"

आवाज दोन होते.