मोठा असन त्याच्या घरी!

कौशल्याकाकूंनी मोठ्या साहेबांना 'तू' म्हटलं तेव्हा मी त्यांच्याच ओसरीवर सुपारी कातरत बसले होते. साहेब दौऱ्यावर निघाले होते आणि कचेरीतल्या बडे बाबूंना, म्हणजे काकूंच्या यजमानांना, सोबत घ्यायला जीप थेट आमच्या गल्लीत आली होती. काकू पदर खोचून बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "साहब, तू चाय पिएगा? पी ले. बाबू को अभी टाइम लगेगा."

ड्रायव्हर एकदम खाली वाकून जीपचं चाक तपासू लागला. बडे बाबू शर्टाची एकच बाही घालून धावत बाहेर आले. तेवढ्यात डोक्यावर जळाऊ लाकडांची मोळी घेऊन फगनी आली. ही जंगलाकडच्या गावातली गोंडीण, रोज लाकडं विकायला यायची. काकू तिला म्हणाल्या, "आइये, आइये! आप उधर छाँव में बैठिये."

छप्पन साली नवी राज्यं झाली. नागपूर तिकडे मुंबई राज्यात गेलं, बालाघाट मध्य प्रदेशात राहिलं. त्यानंतर दोन-तीन वर्षांनी मी लग्न होऊन इथे आले. साहेब लोक आता ग्वाल्हेर-रेवाकडून येत आणि आमच्या गल्लीतले सगळे मराठी बाबू घरीसुद्धा 'जी हुजूर'चा सराव करत. अशा दिवसांत काकूंची ही उफराटी हिंदी म्हणजे बडे बाबूंच्या जिवाला घोर होता. ते त्यांना शिकवणी देत.

"मोठ्या माणसाले आप म्हणावं. बरोबरीच्याले तुम. नोकराचाकराले तू. समजलं?"

"हौ, समजलं," काकू म्हणत. आणि दुसऱ्या दिवशी भंगिणीला 'आप' आणि तहसीलदाराला 'तू'.

गल्लीला वाटे, बाईला हिंदी जमत नाही. मलाही तसंच वाटलं होतं. एकदा मी त्यांना हळूच दुरुस्त करायला गेले, तर अडकित्ता खाली ठेवून त्या म्हणाल्या, "मले सारं समजते, पोरी. आपल्या मराठीत देवाले तू म्हणतो ना आपण? मग साहेब काय देवापेक्षा मोठा हाय?"

"पण काकू, तो साहेब आहे."

"मोठा असन त्याच्या घरी! त्याले आप म्हणणारे गंज हाय, पायलीचे पन्नास. ज्याचं पोतं भरलं हाय, त्याच्यातच अजून काहून टाकू? फगनीले कोणी म्हणत नाई, म्हणून मी म्हणतो."

'मोठा असन त्याच्या घरी' हे त्यांचं पालुपद होतं. ते साहेबाला लागू होतं, मालगुजाराला लागू होतं आणि जावयालाही लागू होतं. रामपायलीच्या देवळात गेलो तर रामासमोर हात जोडून बाई खणखणीत आवाजात म्हणाल्या, "एवढ्या बाया तुह्यासमोर उभ्या हाय, एकदा मान तरी हालव!" पुजाऱ्याच्या हातातलं तीर्थ सांडलं.

आता बाई म्हणजे काही संत नव्हत्या. अंगणात पापड कुणी आधी वाळत घालायचे यावरून त्यांनी शेजारणीशी अख्खा उन्हाळा भांडण चालवलं होतं. दुसऱ्याच्या हातच्या स्वयंपाकाला चांगलं म्हणणं त्यांच्या जिवावर येई. पण फगनीला पाणी देताना गल्लीतल्या बाकीच्या बाया वरून ओंजळीत ओतत, आणि काकू पितळी गडू तिच्या हातात देत. या एका गोष्टीवरून गल्लीतल्या निम्म्या बायांनी त्यांच्या घरचं पाणी सोडलं होतं. काकू म्हणत, "बरं झालं. विहिरीवरच्या खेपा वाचल्या."

मग ती संक्रांत आली. मोठ्या साहेबांच्या बायकोला मराठी बायकांचं हळदीकुंकू बघायचं होतं. बडे बाबूंनी मोठ्या हौसेनं तिला घरी बोलावलं. आमच्या घरची वेताची खुर्ची नेली, तिच्यावर उशी ठेवली. आदल्या दिवसापासून ते बायकोला विनवत होते, "उद्या तू तोंडच उघडू नको. नुसती हास."

काकू अर्धा तास नुसत्या हसल्या. मेमसाहेब खुर्चीवर, आम्ही सगळ्या सतरंजीवर. काकूंनी मेमसाहेबांना हळद लावली, आणि कुंकवाच्या करंड्याकडे हात नेला तोच दारात फगनी उभी. तिचे दिवस भरत आले होते. मोळी उतरवून तिनं खांब धरला. पाय इतके सुजले होते की पैंजण कातडीत रुतले होते.

करंडा तसाच ठेवून काकू उठल्या. मेमसाहेबांना म्हणाल्या, "तू उठ ज़रा. इसके पाँव देख."

मेमसाहेब बहुधा धक्क्यानंच उठल्या. फगनी घाबरून मागे सरकली. "नहीं बाई, मैं भुईं में बैठ जाऊँगी."

"आप बैठिये!" काकूंनी तिला खांदे धरून खुर्चीत बसवलं. तापल्या तव्यावर बसावं तशी ती खुर्चीच्या कडेवर टेकली. मेमसाहेब चपला घालून निघून गेल्या. हळद लागली होती, कुंकू राहिलं होतं.

महिना सरायच्या आत बडे बाबूंची बदली बिरसाला झाली. तेव्हाचं बिरसा म्हणजे जंगल, आणि तिथली बदली म्हणजे शिक्षा, हे शेंबडं पोरही सांगू शकलं असतं.

"तुह्या एका 'तू'पायी मी जंगलात चाललो!" बडे बाबू ट्रंक आवळताना ओरडले.

"काहून, तिथं काय मानसं राहत नाई?" काकू म्हणाल्या. "लाकडं तरी घरापाशी भेटतीन."

फगनीला मुलगी झाली होती. जायच्या आधी काकू तिच्या गावी जाऊन पोरीला झबलं घालून आल्या आणि दुसऱ्या दिवशी ताठ मानेनं बसमध्ये चढल्या.

दोनेक वर्षांनी माझ्या यजमानांचं बिरसाला काम निघालं, तशी मीही सोबत गेले. बैहरचा घाट चढून बस पोचली. घर शोधावं लागलं नाही. ओट्यावर गोंड बाया ऐसपैस बसल्या होत्या, काकू मध्ये बसून बैहरच्या तहसीलदाराची मापं काढत होत्या, अर्थात 'तू' म्हणून. बडे बाबूंच्या अंगावर चक्क मांस चढलं होतं. "इथं साहेबच येत नाही," ते समाधानानं म्हणाले.

बाया गेल्या. काकूंनी मला आत नेलं आणि माझा हात धरला.

"बोल, पोरी."

"काय बोलू?"

"काईबी. पण मराठीत बोल."

मला कळेना. त्यांनी मान वळवली. "हे दिवसभर कचेरीत हिंदी बोलतेत, घरी थकून येतेत. बाया गोंडी बोलतेत, नाईतर हिंदी. त्यायचं काई चुकत नाई. पण काल मायी माय सपनात आली वं, पोरी. हिंदीत बोलली. तिले जलमात हिंदीचा एक शब्द येत नव्हता. मले समजेच ना, तिले काय म्हणू."

साहेबाला, रामाला, मेमसाहेबाला कधी न अडखळलेली ती बाई माझ्याकडे बघत होती.

मी बोलायला लागले. गल्लीत आलेल्या नळाचं भांडण सांगितलं, नव्या सुनेची मिजास सांगितली, कुणाची म्हैस कुठे पळाली ते सांगितलं. त्या ऐकत होत्या की नाही कोण जाणे. माझ्या शब्दांबरोबर त्यांचे ओठ मात्र हलत होते.

बाहेर बसचा भोंगा वाजला. यजमान हाका मारू लागले, तशी मी उठले. काकूंनी हात सोडला नाही. म्हणाल्या, "जाशीन. कढीले फोडनी कायची देतं तू, तेवढं सांग."

मी पुन्हा खाली बसले. ती बस आम्ही सोडली.