चालत्या गाडीतले वकील

आमच्या लोहाऱ्यात सोनटक्के वकिलांचा सल्ला फुकट मिळतो, फक्त त्यासाठी जीपचं भाडं भरावं लागतं. कारण वकीलसाहेब कायदा सांगतात तो चालत्या गाडीतच. गाडी थांबली की कायदाही थांबतो. वाक्य अर्धं झालेलं असलं, तर ते अर्धंच राहतं.

हे मी ऐकीव सांगत नाही. ती जीप माझी आहे. लोहारा ते उमरगा, आणि परत. एकेकाळी दुसऱ्याच्या गाडीला मागं लटकून पॅसेंजर ओरडायचो, आता स्वतःची गाडी आहे. चालवतोही मीच, कारण ड्रायव्हर ठेवला की डिझेल कमी भरतं आणि कारणं जास्त निघतात.

एकदा गाडीत एका बाईनं विचारलं, "साहेब, बाप गेल्यावर लेकीला जमिनीत वाटा मिळतो का?"

साहेब म्हणाले, "मिळतो. भावाइतकाच मिळतो. पण तुमच्या भावाने जर..." आणि तेवढ्यात समोर शेळ्या आडव्या आल्या. मी ब्रेक मारला. साहेब खिडकीबाहेरची बाभळ बघायला लागले.

"जर काय? भावानं जर काय केलं?" बाई कासावीस. साहेब गप्प. शेवटी बाई खाली उतरली आणि पदर खोचून शेळ्या हाकायला लागली, "हला की गं मुडद्यांनो, माझा वाटा अडलाय!"

तेव्हापासून माझ्या गाडीत कुणी "हळू चालव" म्हणत नाही. "थांबू नको" म्हणतात. रस्त्यात कुणी हात केला, तर आतले लोक मलाच ओरडतात, "सोड त्याला, मागची येईल!" मागची गाडी माझी नाही, हे त्यांना कोण सांगणार?

साहेब अंगानं सडपातळ. काळा कोट उलटा घडी करून मांडीवर ठेवतात, म्हणजे धूळ अस्तराला लागते. कोर्टात उतरल्यावर तो अंगात घालतात. बसायची जागा ठरलेली, पुढं, खिडकीशी. त्यांच्यामुळं गाडी भरते म्हणून मी सुरुवातीला म्हटलं होतं, "साहेब, तुमचं भाडं राहू द्या." तर म्हणाले, "मग मी तुमचा एजंट झालो. वकिलाला दुसरा धंदा करता येत नाही." आणि पैसे मोजून डॅशबोर्डवर ठेवले. भाड्यात घासाघीस न करणारा एवढा एकच माणूस मी पाहिला. अशा माणसाशी कसं वागावं, तेच मला कळत नाही.

त्यांची बोलायची सुरुवात नेहमी "मुद्दा दुसरा" अशी. पहिला मुद्दा ते कधीच सांगत नाहीत. एका मास्तरांनी खोदून विचारलं, तेव्हा म्हणाले, "पहिला मुद्दा म्हणजे तुम्ही चिडलेले आहात. तो तुम्हाला माहीत असतो."

त्याच मास्तरांच्या काकांनी पतपेढीत मास्तरांचं नाव नॉमिनी म्हणून लावलं होतं. काका वारले आणि मास्तर स्वतःला मालक समजायला लागले. साहेबांनी विचारलं, "लग्नात आहेर सांभाळायला मामाला बसवतात ना? पाकिटं कुणाच्या हातात असतात?"

"मामाच्या."

"असतात कुणाची?"

मास्तरांनी बाहेर काढलेलं पासबुक परत पिशवीत टाकलं. शेजारी बसलेला एकजण मात्र भडकला. तो कुणाचा तरी मामा असावा.

आता माझं गाऱ्हाणं. इतकी वर्षं मी सगळ्या तालुक्याचा कायदा कानांनी वाहून नेतोय, पण माझ्या एका प्रश्नाला उत्तर नाही. का? तर मी ड्रायव्हर.

"चालकाशी बोलू नये. एसटीत लिहिलेलं असतं," साहेब म्हणतात.

"ही एसटी न्हाई साहेब, जीप हाय."

"प्रश्न विचारताना तुम्ही मान वळवता, बालाजीराव."

"मग गाडी थांबवून विचारतो."

"थांबल्यावर मी सांगत नाही."

"मग मी इचारायचं कधी?"

"मुद्दा दुसरा," साहेब म्हणाले, "पुढे खड्डा आहे."

साहेबांच्या घरी जाऊन विचारावं, तर तिथं दार बंद. पूर्वी असं नव्हतं. सोनटक्के बाई आमच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवायच्या. साहेब मूळचे वाशीमकडचे, बाईंच्या नोकरीमुळं इथं आले आणि इथलेच झाले. मूलबाळ नाही, शेतीवाडी नाही. पण संध्याकाळी ओसरीवर पक्षकार मावायचे नाहीत. साहेब कायदा सांगायचे आणि बाई चहा द्यायच्या. बाई गेल्या आणि ओसरी बंद झाली. साहेबांचा दरबार माझ्या जीपमध्ये आला.

माझा प्रश्न साधा होता. माझ्या वावरात जायची जुनी वाट चुलतभावाच्या, दिगूच्या, बांधावरून जाते. आमच्या आज्यापासून बैलगाड्या तिथून गेल्या. यंदा दिगूनं तिथं बाभळीच्या काट्या लावल्या. आणि येळवस तोंडावर आलेली. वेळ अमावस्येला आम्ही येळवस म्हणतो. त्या दिवशी इकडं गावात माणूस राहत नाही. सगळे शेतात. कडब्याची कोप, म्हणजे खोपटं, उभं करायचं, पूजा करायची, आणि भाज्या-डाळींची भज्जी, बाजरीचे उंडे, आंबील, खीर असं येईल त्याला वाढायचं. ज्याच्या शेतात माणसं जास्त, त्याची मान वर. माझी वाटच बंद झाली, तर माणसं काय उडत येणार? पाहुण्यांपुढं माझं नाक कापलं जाणार होतं, आणि दिगूला तेच हवं होतं.

एक दिवस लोहाऱ्याच्या स्टँडवर गाडी भरली आणि बघतो तर दिगू पुढच्या सीटवर, माझ्या आणि साहेबांच्या मध्ये. साहेबांनीच त्याला जागा करून दिली. त्याची मांडी माझ्या गिअरला घासत होती. गाडी हलली आणि त्यानं तोंड उघडलं.

"साहेब, माझ्या रानातनं दुसऱ्याची वाट जाती. ती म्या बंद केली. मला काय होईल?"

माझा पाय आपोआप ब्रेकवर गेला. "दुसरा कोन? नाव घे की!"

"म्या वकीलसाहेबाशी बोलतोय. डायवरनं रस्त्याकडं बघावं."

साहेब बाहेर बघायला लागले. मागून ओरडा झाला, "चालीव की बालाजी! काय होतंय ते कळू दे!" मलाही तेच हवं होतं. दात खाऊन गिअर टाकला.

"मुद्दा दुसरा," साहेब म्हणाले. "जुनी वहिवाट अशी अडवता येत नाही. समोरच्याने तहसीलदाराकडे वेळेत अर्ज केला, तर पंचनामा होईल, शेजाऱ्यांचे जबाब होतील, आणि काट्या तुम्हालाच काढायला लावतील."

मी मोकळ्या रस्त्यावर लांबलचक हॉर्न वाजवला.

"काय झालं?"

"कुत्रं व्हतं, साहेब."

साहेब दिगूकडं वळले. "पण तुम्ही वाट अडवलीत का?"

दिगूनं माझ्याकडं तिरकं बघितलं. मग म्हणाला, "गेल्या येळवशीला ह्यानं, म्हंजी त्या दुसऱ्यानं, समदा तालुका जेवाय घातला. टायरवाला, ग्यारेजवाला, पार मुरुम गावचा फोटोग्राफर. समदी माझ्या हरभऱ्याच्या कडंनं गेली. माझी आई बांधावर हुबी व्हती. तिला कुनी या म्हनलं न्हाई."

मी पुन्हा ब्रेक मारला. मागच्यांची डोकी एकमेकांवर आपटली. "घरच्या मानसाला बोलवाय लागतंय व्हय रं? चुलती हाय माझी! मला वाटलं, येतीलच!"

"वाटलं! तुला वाटल्यावर जेवाय कोन येतंय?"

गाडी रस्त्याच्या मधोमध उभी. इंजिनसुद्धा बंद पडलेलं. आणि तेव्हा साहेब बोलले. थांबलेल्या गाडीत. मागचे सगळे पुढं वाकले.

"बालाजीराव, त्यांना सांगायला कुणी गेलं नव्हतं, हे खरं ना?"

"खरं," मी म्हटलं.

"मग झालं. चालवा."

त्यात कायदा कुठं होता, मला कळलं नाही. पुढं उमरग्यापर्यंत आमची घासाघीस चालली. मी म्हणे, "आधी काट्या काढ, मग बोलावतो." तो म्हणे, "आधी बोलाव." शेवटी असं ठरलं, की मी त्याच्या दारात पाऊल टाकायचं आणि त्याच वेळी त्यानं शेतात पहिली काटी उचलायची. तो शेतातून मोबाईलवर ओरडला, "उचलली!" मग मी उंबरा ओलांडला. काकीनं मला बराच वेळ उभं ठेवलं. मग विचारलं, "आंबील कोन करनार हाय?"

"तुमीच, काकी."

"मग येते."

येळवशीला वाट मोकळी होती आणि माणसं रांगेनं येत होती. ऐन वाढायच्या वेळी काकीला आठवलं, की आंबिलीचं ओगराळं घरीच राहिलं. मला पिटाळलं. लोहारा बंद पडल्यासारखं होतं, सगळी दुकानं कुलपात. आणि स्टँडवरच्या बाकावर सोनटक्के वकील बसलेले. स्वच्छ सदरा, मांडीवर कोट.

"साहेब, आज गाड्या न्हाईत."

"माहीत आहे."

"कोर्टाला बी सुट्टी."

"हो."

"मग कुनाच्या शेतात जायचंय? बसा, सोडतो."

"कुणाच्या नाही."

मी हसलो. "थट्टा करताय. तुमाला बोलावनी मोजता येत नसतील."

"सगळ्यांना तसंच वाटत असणार," साहेब म्हणाले. आवाजात तक्रार नव्हती. "बाई असताना यायची बोलावणी. पोरं वर्गात सांगायची, बाई, आमच्या शेतात या. मी आपला बाईंबरोबर जायचो."

मी उतरलो आणि त्यांच्या बाजूचं दार उघडलं. ते कोट सावरत आत बसले.

ओगराळं घरीच राहिलं. काकीनं शिवी द्यायला तोंड उघडलं, गाडीतून कोण उतरतंय ते पाहिलं आणि डोक्यावरचा पदर सारखा केला. आंबील तांब्यानं वाढली. साहेबांनी भज्जी तीनदा मागून घेतली. जेवण झाल्यावर चपला हातात घेऊन ते दिगूबरोबर त्याचा हरभरा बघत सगळ्या बांधावरून फिरून आले. वाटेत मास्तर भेटले, टायरवाला भेटला, गाडीतले सगळे एकेक करून भेटले. प्रत्येकजण साहेबांना बघून खूश झाला आणि प्रत्येकानं मला बाजूला घेऊन विचारलं, "तुझ्याकडं असतात व्हय दरवर्षी? आमाला वाटलं, दुसऱ्या कुनाकडं जात असतील."

उन्हं कलली. बायका भांडी आवरायला लागल्या. साहेब काकीजवळ जाऊन उभे राहिले. कोट अंगात घातला होता.

"काकू, पुढच्या वर्षीही हे इथंच असतं का?"

"हितंच की. रान काय पळून जातंय व्हय?"

"तसं नाही. मला सांगायला कुणी येईल का, ते विचारतोय."

काकीनं हातातलं पातेलं खाली ठेवलं. माझ्याकडं बोट केलं. "ह्यो येईल. आन् ह्यो इसरला तर म्या येते. तुमच्या दारात बसून ऱ्हाते, उघडस्तोवर."

साहेब "बरं" म्हणाले. मग चटईवर पुन्हा मांडी घालून बसले, आणि पातेल्याच्या तळाला उरलेली खीर काकीनं त्यांच्या पानात ओतली.