घरतकाकांना ॲप नको

आमच्या सोसायटीतले घरतकाका मोबाइलमध्ये एकही नवं ॲप शिरू देत नाहीत. विजेचं बिल, गॅसचं बुकिंग, डॉक्टरची वेळ, सगळं ब्राउझर उघडून वेबसाइटवर. काम झालं की लगेच लॉगआउट. कारण विचारलं की छाती काढून सांगतात, "वेबसाइट म्हंजे पावना. आला, चा प्याला, गेला. ॲप म्हंजे घरजावई! हातरून पसरतो आन आपल्यालाच नोटिफिकेशन देतो."

हा विनोद त्यांचा स्वतःचाच असावा, कारण त्यावर हसतातही तेच.

माणूस तळोज्याच्या कारखान्यातून निवृत्त झालेला, पण बोलणं असं, की इंटरनेटची पायाभरणी यांच्या ओवे गावात यांच्याच हस्ते झाली! "ॲपवाले माहिती चोरतात," हे तर रोजचंच. यांच्याकडून चोरणार काय? बीपीच्या गोळ्यांची नावं आणि सुकटीचा भाव?

गेल्या रविवारी त्यांची खोड मोडायचीच म्हणून मी घरी गेलो. काका गॅस बुक करत होते. स्क्रीनवर चक्र फिरत होतं आणि काका खोलीत. मी फोन जवळजवळ हिसकावलाच.

"ॲप टाकून देतो. एकदा लॉगिन केलं की कायमची कटकट गेली. ओटीपी आला का बघा."

"माज्याकडं नाय येत," काका म्हणाले. "सुगंधाकडं येतो. खातं तिनंच उघडून दिलं, नंबर तिचाच हाय."

सुगंधा त्यांची मुलगी, लग्नानंतर मस्कतला असते. काकी गेल्यापासून काका एकटेच. तेवढ्यात तिचा फोन आला. काकांनी माझ्या हातातून फोन घेऊन स्पीकर लावला.

"बाबा, ओटीपी आलाय. घ्या लिहून."

"थांब गो, चष्मा शोधतो."

चष्मा त्यांच्या नाकावरच होता.

"सापडंपर्यंत सांग, जेवलीस काय? पोर शाळेत रडतं का अजून?"

ती सांगत राहिली. काका खिडकीशी उभे राहून ऐकत होते. मी हळूच म्हटलं, "काका, नंबर तुमचाच टाकू का? तिला उगाच त्रास."

त्यांनी फोनवर तळवा दाबला. "नको रे. मंग ती कशापायी फोन करील?"

पलीकडून आवाज आला, "बाबा, ओटीपीची मुदत संपली बघा."

"संपली?" काकांचा चेहरा खुलला. "थांब, दुसरा मागवतो."